दोन एटीव्ही आणि बाथरूममधला काटा

३ मे २०२५, शनिवार. शॉमबर्ग, शिकागोजवळ

आज पुन्हा वजन जास्तच. गुढीपाडव्यापासून चहात साखर नाही, भात मूठभर, तूप नुसतं डोळ्यांनी बघायचं, आणि तरी बाथरूममधला काटा माझ्यावर डूख धरून बसलाय. गिरिजा दारातून डोकावली, "अरेरे" म्हणाली आणि जेवायला पुन्हा दुधी केला. ती स्वतः आमच्या काट्यावर पाय ठेवत नाही. मैत्रिणीकडे, कांचनकडे, जाते तेव्हा तिच्याकडच्या काट्यावर बघते म्हणे. असेल बुवा काही श्रद्धा. माझ्या पँटी मात्र सगळ्या सैल पडायला लागल्यात. हल्ली कापडच निकृष्ट येतं, दोन धुण्यांत पसरतं.

दुपारी केयाचा फोन आला. केया म्हणजे आमची एकुलती एक. चौतीस वर्षांची, शिकागोत इन्शुरन्स कंपनीत ॲक्च्युअरी होती, म्हणजे धोक्यांचे हिशोब मांडायची. भरभक्कम पगार, टेबलावर दोन स्क्रीन, खिडकीतून तळं दिसायचं. दोन वर्षांपूर्वी हे सगळं सोडून बाईसाहेब विस्कॉन्सिनच्या उत्तर टोकाला जंगलात गेल्या आणि आता लोकांना एटीव्हीवर बसवून चिखलातून हिंडवतात. एटीव्ही म्हणजे चार जाडजूड चाकांची मोटरसायकल. गिरिजा तिला फटफटी म्हणते.

इथल्या मराठी मंडळात कुणी विचारलं की मी सांगतो, "केया सध्या आउटडोअर सेक्टरमध्ये कन्सल्टिंग करते." यात खोटं काहीच नाही. कुणी पुढे खोदून विचारत नाही, त्यामुळे कुणाला काही माहीत नाही. गिरिजालाही बजावून ठेवलंय.

"बाबा, आय नीड अ फेव्हर," केया म्हणाली. तिने आमच्या इथल्या एका डीलरकडून दोन सेकंडहँड एटीव्ही घेतल्यात. मेमोरियल डेच्या सुट्टीतल्या शनिवारी, २४ तारखेला, तिचा सीझनचा पहिला ग्रुप येणार, एकच मोठं कुटुंब, आणि तिच्याकडे नेमक्या दोन गाड्या कमी. वेळेवर नाही पोचल्या तर तो ग्रुप कॅन्सल, म्हणजे सुरुवातीलाच नाव खराब. "तू आणशील? आय डोंट ट्रस्ट एनिवन एल्स विथ देम."

मी म्हटलं, कॅलेंडर बघून सांगतो. कॅलेंडरमध्ये एक डेंटिस्ट होता. लगेच हो म्हटलं.

ती गेल्यापासून मी तिकडे एकदाही गेलेलो नाही. जमलंच नाही. रिटायर्ड माणसाला वेळ कुठे असतो?

५ मे, सोमवार

डीलरकडे जाऊन गाड्या बघून आलो. एक लाल, एक हिरवी. तो डीलर जरा बावळटच वाटला. मला म्हणाला, "आमची डिलिव्हरी तिथपर्यंत फ्री असते. तुमच्या मुलीने बुक केली होती, मग स्वतःच कॅन्सल केली." वर हसला. त्याला काय कळणार? मी चाळीस वर्षं पुलांचा भार मोजण्यात घालवली. केयाने विचार केला असेल की फुकट मिळणारा ड्रायव्हर वेगळा आणि इंजिनिअर वेगळा.

८ मे, गुरुवार

गाड्या न्यायच्या कशा, यावर तीन दिवस डोकं चालवलं. आम्हाला तिकडे राहायलाही जागा हवी, कारण केयाच्या केबिनमध्ये एकच खोली. पहिला विचार असा होता की पिकअप ट्रकमागे राहायचा ट्रॅव्हल ट्रेलर जोडायचा आणि त्याच्या मागे एटीव्हींचा उघडा ट्रेलर. सौमित्रला सांगितलं तर म्हणाला, "चारू, तू मुलीकडे चाललायस की आगगाडी काढतोयस?" शिवाय प्रत्येक राज्याचा नियम निराळा. तो बेत रद्द. मग ट्रेलरच्या पाठीवर रॅक लावून त्यावर गाड्या टांगायचा विचार केला. कागदावर भार मांडला आणि माझी मलाच लाज वाटली. सगळं वजन शेपटीवर!

शेवटी उपाय सौमित्रच्याच दारात उभा निघाला. सौमित्र म्हणजे आमचा जुना मित्र, दातांचा डॉक्टर. रिटायर झाल्यावर याने नॅशनल पार्क्स बघायला पिकअप आणि टॉय हॉलर घेतला. हा ट्रॅव्हल ट्रेलरच, पण पुढे बेडरूम आणि किचन, आणि मागे चक्क गॅरेज. मागची भिंत खाली सोडली की तिचाच रॅम्प होतो. सौमित्रची बायको कांचन त्यात एक रात्र झोपली आणि टॉयलेटची टाकी रिकामी कशी करतात ते बघून म्हणाली, "मी आता थेट हॉटेलात." तेव्हापासून ते धूड त्यांच्या ड्राइव्ह-वेमध्ये पडून आहे.

"घेऊन जा हो एकदाचं," कांचनवहिनी म्हणाल्या, "आणि परत आणायची घाई करू नका."

१० मे, शनिवार

गिरिजा भिशीला म्हणून कांचनकडे गेली ती चार तासांनी उगवली. हाताला ग्रीस. विचारलं तर म्हणाली, कांचनचा मिक्सर बिघडला होता. मिक्सरला इतकं ग्रीस?

११ मे, रविवार

सरावाचा पहिला दिवस. शाळेच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये ट्रेलर जोडून गेलो. पुढे जायला काही अडचण नाही. मागे घेताना मात्र स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलर डावीकडे जातो. सिद्धांत मला पूर्ण कळतो. हाताला कळत नाही.

गिरिजा मागे उभी राहून "ये, ये, ये, ये" करत होती. मग "बास! बास! अरे बास म्हटलं ना!" तोवर कचऱ्याचा डबा आडवा. दुसऱ्यांदा झुडूप. तिसऱ्यांदा ट्रेलर आणि पिकअप एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे राहिले, ते सोडवताना माझ्या नाकी नऊ आले.

"मी बघू का एकदा?" ती म्हणाली. म्हटलं बघ, हौस भागव. तिने एका फटक्यात दोन पिवळ्या पट्ट्यांच्या मधोमध लावला. नवशिक्यांचं असं होतं कधीकधी. मी तिला म्हटलंही, यावरून हुरळून जाऊ नकोस. ती बरं म्हणाली.

मनातलं इथे लिहितो, दुसरीकडे कुठे लिहिणार? मला भीती वाटते. ट्रेलरची नाही. पोरगी पहिल्यांदा काहीतरी मागतेय. गाड्यांना ओरखडा आला, किंवा शनिवारी पोचल्याच नाहीत, तर ती काही बोलणार नाही, "इट्स ओके बाबा" म्हणेल. ते "इट्स ओके" मला नकोय.

१८ मे, रविवार

आज एटीव्ही चढवल्या. पेट्रोलची कळ बंद, गिअरमध्ये टाकून पार्किंग ब्रेक लावला, चारी कोपऱ्यांना रॅचेटचे पट्टे, असे की पट्टा आवळला की गाडी स्प्रिंगवर जराशी खाली दबली पाहिजे. कच कच कच आवळले. मग प्रत्येक पट्ट्याला लोंबकळून बघितलं. गाडी हलत नाही, ट्रेलर हलतो. याला म्हणतात काम.

गिरिजाने दोन्ही गाड्यांना हळदकुंकू लावलं. लाल गाडीवर कुंकू दिसेना म्हणून तिला दोनदा लावलं.

मग मुख्य कार्यक्रम. ट्रेलरच्या नाकाचा पिकअपच्या हुकावर किती भार येतो ते मोजायचं. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा टक्क्यांहून थोडा जास्त हवा. कमी पडला तर हायवेवर ट्रेलरची शेपटी डोलते, आणि मग देवच वाली. हे घरी मोजायची युक्ती आहे. एक लाकडी फळी घ्यायची, तिचं एक टोक विटेवर, दुसरं बाथरूमच्या काट्यावर, आणि ट्रेलरचं नाक विटेपासून फळीच्या पाव लांबीवर टेकवायचं. काटा दाखवेल त्याच्या चौपट खरा भार.

काटा आणायला आत गेलो तर गिरिजा आडवी आली. "अहो, तो काटा कशाला? नवीन आणा ना."

आता आमच्या घरात एक नियम आहे. एरवी मी "अरे चारू." "अहो" निघालं की समजायचं, कुठेतरी पाणी मुरतंय. पण मी घाईत होतो.

"मग निदान मी पुसून देते," म्हणाली आणि काटा ओढायला लागली. म्हटलं, अगं, धुळीने वजनात फरक पडत नाही.

"आणि समजा," ती जरा थांबून म्हणाली, "समजा काटा थोडा जास्त दाखवत असेल, तर काही बिघडतं का?"

प्रश्न चांगला होता, म्हणून मी तिला बसवून नीट समजावलं. भार जास्त धरला की आपण नेहमी सेफ साइडला. चाळीस वर्षं पूल असेच उभे आहेत. तिचा जीव भांड्यात पडलेला दिसला. "मग काही नाही," म्हणाली आणि आत गेली. मोजलं. भार अगदी हवा तेवढा! मी ट्रेलरला एक शाबासकीची थाप मारली.

२१ मे, बुधवार

आपल्या लोकांना तुम्ही कुठे जाताय हे सांगणं म्हणजे कुरिअर कंपनी उघडणं. संध्याकाळपासून बेल वाजतेय. "केयासाठी थोडंसं," म्हणून जो तो थोडंसं आणून ठेवतोय. कुणाची थालीपिठाची भाजणी, कुणाचं मेतकूट, लोणच्याच्या इतक्या बरण्या की दुकान टाकावं. गिरिजाने स्वतः तांदळाच्या दोन गोणी, गव्हाच्या पिठाच्या तीन, आणि दगडी खलबत्ता काढला. "मुलीकडे रिकाम्या हाताने जायचं का?" म्हणते. लोखंडी तवे दोन. एक डोशाचा, एक पोळ्यांचा, कारण डोशाच्या तव्यावर पोळी केली की डोसा रुसतो.

काही भेटी मात्र माझ्या डोक्यावरून गेल्या. कांचनवहिनींनी केयासाठी पिवळे गमबूट दिले. कन्सल्टिंग करणाऱ्या मुलीला गमबूट? वय झालं बिचारीचं. मंडळाची सेक्रेटरी सुनेत्रा साबणाची भलीमोठी बादली देऊन गेली, "चिखलाचे डाग हमखास जातात यानं." आणि शेजारची रीमा नारळ घेऊन आली आणि म्हणाली, "नव्या गाड्यांपुढे फोडायला सांगा तिला." एटीव्ही ट्रेलरमध्ये बंद, वर ताडपत्री, तिने बघितल्या कशा? बहुतेक तिचा समज झाला की आम्ही सौमित्रचा ट्रेलर विकत घेतला. मी तिचा समज दूर केला नाही. तेवढंच केयाचं प्रकरण झाकलेलं राहतं.

हे सगळं ठेवायचं कुठे यावर वादावादी झाली. गिरिजाला पुढे बेडरूममध्ये ठेवायचं होतं. "मेतकुटाला पेट्रोलचा वास लागेल." मी म्हटलं, झोपायच्या जागी लोणची चालणार नाहीत. सगळं मागे गॅरेजमध्ये, एटीव्हींच्याही मागे, रॅम्पच्या भिंतीला चिकटून रचलं. हिशोब पुन्हा करावा लागेल का, असा विचार क्षणभर आला. पण खाण्यापिण्याचं काय वजन मोजायचं? ते काही सामान नव्हे.

२२ मे, गुरुवार. वॉसॉ, मोटेलमध्ये

आजचं सगळं क्रमाने लिहितो.

सकाळी निघालो. रॉकफर्डपर्यंत उत्तम. विस्कॉन्सिनमध्ये शिरलो, मॅडिसन मागे पडलं, मी खुशीत शीळ घालत होतो. ट्रेलर मधूनमधून मागून जरा ओढल्यासारखं करायचा. म्हटलं वारा असेल. मग एका उतारावर डावीकडून मोठा ट्रक धडधडत पुढे गेला आणि आमचं धूड हललं. आधी थोडं उजवीकडे. मग जास्त डावीकडे. मग त्याहून जास्त उजवीकडे. आरशात बघतो तर कधी ट्रेलरची ही भिंत दिसतेय, कधी ती! सौमित्रचा पिकअप चुळबुळायला लागला. डोळ्यांसमोर रस्त्यावर पडलेल्या लाल-हिरव्या गाड्या आल्या आणि केयाचं "इट्स ओके बाबा" ऐकू आलं. माझा पाय ब्रेककडे निघाला.

"ब्रेक नको!" गिरिजा अशी ओरडली की मी गारच. "चारू, पाय काढ! स्टिअरिंग सरळ धर! वळवू नकोस, नुसतं धर!" आणि तिने हात घालून डॅशबोर्डखालची बारकी पट्टी हळूच सरकवली. ती नुसते ट्रेलरचे ब्रेक लावायची असते. ट्रेलरने आणखी एकदा मान हलवली आणि मेला शांत झाला. आम्ही म्हशीच्या चालीने पुढच्या ट्रक स्टॉपवर पोचलो.

गिरिजाने थर्मासमधला चहा दिला. आज दोघांचं काही खरं नव्हतं. हिला ती पट्टी कशी माहीत? सौमित्र बोलत असताना कानावर पडलं असेल. बाईची स्मरणशक्ती चांगली आहे.

ट्रक स्टॉपवर ट्रक तोलायचा मोठा काटा होता. तोलून घेतलं. हुकावरचा भार पार घसरलेला! मग माझी ट्यूब पेटली. लोणची, पीठ, खलबत्ता, दोन तवे, सगळं शेपटीवर. मागचं जड झालं की नाक वर उचललं जातं, शाळेतल्या सीसॉइतकं सोपं. मी चाळीस वर्षं भार मोजले आणि भाजणी धरायची राहिली! माझाच गाढवपणा.

पण आकडे तरी जुळेनात. सगळ्या गोण्या-बरण्या जमेस धरल्या तरी हिशोबात काहीतरी राहतंय. दोनदा मांडलं, तिसऱ्यांदा मांडलं.

"अहो," गिरिजा म्हणाली.

मी पेन्सिल खाली ठेवली.

"तो आपला बाथरूममधला काटा आहे ना, तो जरासा पुढे आहे."

"जरासा म्हणजे?"

"अठरा पौंड."

"कधीपासून?"

"गुढीपाडव्यापासून. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल सांगितलं होतं आणि तू श्रीखंडाची तिसरी वाटी घेतलीस. सांगून ऐकतोस का तू? म्हणून मी काट्याखालचं चाक जरा फिरवलं. आणि परवा तुला विचारलं होतं मी! तूच म्हणालास, जास्त दाखवलं तर सेफ साइड."

पुलासाठी, बाई! पुलासाठी सेफ साइड! इथे भार कमी पडण्याचीच भीती, आणि वर फळीमुळे सगळं चौपट. मी तोंड उघडलं ते ओरडायलाच. आणि उघडंच राहिलं. कारण एकदम लक्षात आलं, अठरा पौंड! म्हणजे माझं वजन वाढलेलंच नाही! पँटी सैल झाल्या नव्हत्या, मी बारीक झालो होतो! दोन महिने मी आरशासमोर पोट आत घेऊन उभा राहत होतो, आणि आत घ्यायला पोटच नव्हतं!

रागवावं की हसावं कळेना. मग दोन्ही केलं. शेजारच्या ट्रकवाल्याने खिडकीची काच वर केली.

पुढचे दोन तास आम्ही हमाली केली. गॅरेजमधून बेडरूममध्ये, पीठ पलंगावर, तांदूळ पलंगावर, खलबत्ता उशीवर, लोणची कपाटात टॉवेल गुंडाळून. पाण्याची पुढची टाकी भरून घेतली, तीही नाकाच्या बाजूला. बेसनाचे लाडू हलवताना मी दोन तिथेच खाल्ले. गिरिजाला अडवायला तोंड होतं का? पुन्हा तोलून घेतलं आणि भार बरोबर बसला, खऱ्या काट्यावर. झोपायला मात्र जागा उरली नाही, म्हणून हे मोटेल.

पट्टे तपासले. एकही सैल नव्हता. गाड्या केसभरही हलल्या नाहीत.

२३ मे, शुक्रवार

दुपारी पोचलो. ट्रेलर गाईसारखा मागून आला. शेवटचा कच्चा रस्ता दोन झाडांमधून अंगणात वळतो, आणि तिथे मागे घेऊनच लावायला लागतं. मी दमलो होतो म्हणून स्टिअरिंग गिरिजाकडे दिलं आणि खाली उतरून सूचना दिल्या. त्यामुळे एका दमात लागला.

दारावर पाटी आहे, इंग्रजी अक्षरांत "चिखल ट्रेल टूर्स". दोन वर्षं झाली, मला कुणी नावही सांगितलं नव्हतं. की मीच विचारलं नव्हतं.

केया धावत आली. केस बारीक कापलेत, चेहरा उन्हाने रापलाय, गुडघ्यापर्यंत चिखल. आईच्या गळ्यात पडली, मग माझ्या. माझा शर्टही चिखलाचा झाला. रॅम्प उतरवला. तिने एकेक पट्टा हाताने ओढून बघितला, अगदी मी बघतो तसा.

"बाबा, हे कुणी टाय केलं?"

"मी."

"इट्स परफेक्ट."

एवढंच म्हणाली आणि गाड्या उतरवायला लागली. मी ट्रेलरच्या मागे जाऊन उगाच टायरची हवा बघितली. डोळे पुसायला दुसरी जागा नव्हती.

प्रवासात काय झालं, हे सांगायचं नाही असं ठरलंय. कांचनवहिनींचे गमबूट तिला चपखल बसले. योगायोग.

२४ मे, शनिवार

सकाळी ते कुटुंब आलं. आजीपासून नातवंडांपर्यंत गोतावळा. नारळ फोडला, त्यांनी टाळ्या वाजवल्या. नवीन दोन्ही गाड्या रांगेत. केया मला म्हणाली, "माझ्या मागे बस." बसलो. जीव मुठीत धरून बसलो म्हटलं तरी चालेल.

निघायच्या आधी तिने प्रत्येकाच्या हेल्मेटचा पट्टा स्वतः तपासला. कुणी कुणाच्या किती मागे राहायचं, उतारावर काय करायचं, काय नाही, सगळं शांतपणे. वाटेत एका चढावर त्यांच्यातला एक आडदांड गृहस्थ मध्येच घाबरून थांबला, ना पुढे ना मागे. केयाने आपली गाडी बाजूला लावली, चालत त्याच्याकडे गेली, काहीतरी बोलली, हसली, आणि त्याला खाली उतरवून दुसऱ्या वाटेने नेलं. आवाज चढवला नाही की घाई केली नाही.

मी बघत होतो. ही पोरगी इन्शुरन्समध्ये धोके मोजायची. अजूनही तेच करते, फक्त आता धोका समोर असतो आणि माणसं सुखरूप घरी जातात. नोकरी सोडली म्हणून मी दोन वर्षं तोंड फुगवून बसलो. कशाला?

परतलो तेवढ्यात फोन वाजला. मंडळाची पिकनिक चालू होती, कांचनवहिनींचा व्हिडिओ कॉल. स्क्रीनवर अख्खं मंडळ, सौमित्र, सुनेत्रा, रीमा, मागे भेळेचं पातेलं. "केया कुठेय? दाखवा ना!" मी वळलो. केया मागेच उभी होती, हेल्मेट काखेत, डोक्यापासून पायापर्यंत चिखल. पिवळे गमबूट पिवळे राहिले नव्हते.

आता कन्सल्टिंग म्हणायची सोय उरली नाही. आणि खरं सांगतो, म्हणावंसंही वाटलं नाही. मी फोन उंच धरला, घसा साफ केला.

"मंडळी, एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. केया कन्सल्टिंग वगैरे काही करत नाही. माझी मुलगी एटीव्हीच्या टूर्स चालवते. स्वतःची कंपनी आहे. लोकांना जंगलातून, चिखलातून नेते आणि एकालाही खरचटू न देता परत आणते. आणि मला तिचा अभिमान आहे. ऐकू येतंय ना? अभिमान आहे म्हटलं!"

सगळ्यांना जबर धक्का बसलेला दिसत होता. सौमित्र रुमालाने तोंड झाकून खोकत होता.

मग कांचनवहिनी म्हणाल्या, "ते जाऊ द्या, गमबूट बसले का तिला?"

बिचारीला इतका धक्का बसला की विषयच बदलला.

फोन ठेवून बघतो तर केया पाठमोरी. काय झालं विचारलं तर म्हणे, "डस्ट गेली डोळ्यात, बाबा." पहाटे पाऊस पडून गेलाय, सगळीकडे चिकचिकाट, धूळ आली कुठून? ती येऊन माझ्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली. दुसराही शर्ट गेला. सुनेत्राचा साबण आहे म्हणा.

२६ मे, सोमवार

इथेच मुक्काम. आंघोळीनंतर केयाच्या काट्यावर वजन केलं. अठरा पौंडांचं खरं निघालं. वर लाडवांमुळे थोडं वाढलंय, पण तेवढं चालतं. गिरिजा म्हणते, घरी गेल्यावर आपल्या काट्याचं चाक जागेवर आणते. म्हटलं, माझ्यासमोर आण.

नाश्त्याला भाजणीची थालीपीठं. केया म्हणाली, जुलैत आणखी दोन गाड्या घ्यायच्या म्हणतेय, त्याच डीलरकडून.

"त्याची डिलिव्हरी फ्री असते ना?" मी विचारलं.

केयाने आईकडे बघितलं. गिरिजा तव्याकडे बघायला लागली.

"नाही बाबा," केया म्हणाली, "त्यांनी बंद केली. काय करायचं?"

काय करायचं म्हणजे! असल्या डीलरांचा काही भरवसा नाही, मला पहिल्या दिवशीच वाटलं होतं. सौमित्रला लगेच मेसेज टाकला की टॉय हॉलर विकू नकोस, जुलैत लागेल. आणि गिरिजाला सांगून ठेवलं की या वेळी भाजणीसुद्धा मोजली जाईल.